लिफ्टशेजारच्या फळ्याचे नियम

रुस्तावी, नऊ मजली इमारत, दुसरं प्रवेशद्वार.
सभेत ठरलं, नियम त्सिआलाने लिहावेत.
एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली तिने,
स्वल्पविरामसुद्धा तिला बघून सरळ बसतो.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं,
तोवर बद्रीने टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिला सोपा:
नाणं खाऊनही लिफ्ट वर गेली नाही
तर लिफ्टबद्दल लिहा,
लिफ्टच्या आईबद्दल नको.

दुसरा, ओरडू नका.
आमच्या लिपीत लहान-थोर अक्षरं नाहीत,
सगळी एकाच पंगतीत जेवतात.
म्हणून ज्याला ओरडायचं तो लाल पेन घेतो,
शब्दाखाली तीन रेघा ओढतो,
कागद फाटेपर्यंत टोक दाबतो.
आठव्या मजल्यावरच्या झुझुनाने
पाणी गळतं म्हणून लावलेला कागद
मी मागच्या बाजूने बोटांनी वाचला आहे.

एका कागदावर एकच गोष्ट, हा तिसरा.
'सोफा विकणे आहे' आणि
'तळघरातली लोणच्याची बरणी कोणी नेली'
हे एकाच वाक्यात आलं
की सोफा बघायला आलेल्या माणसाकडे
सगळा जिना डोळे बारीक करून बघतो.
घडलंय हे. गार्दाबानीहून आला होता बिचारा.
सोफा मात्र घेतला त्याने,
आणि पुढे पाचव्या मजल्यावरची खोलीही.

'पाहून घेईन' असं लिहिणाऱ्यांनी
वाक्य पूर्ण करावं.
काय पाहणार, कधी, चष्मा लावून की तसंच?

मेलेल्या माणसाचा कागद
चाळीस दिवस काढायचा नाही.
त्यावर दुसरा डकवायचा नाही, कोपरासुद्धा नाही.
छत्तिसाव्या दिवशी ओतारच्या फोटोवर
कोणीतरी खिडक्या बसवून देण्याची जाहिरात चिकटवली.
मी नखाने सोडवत बसले तासभर,
जाहिरातीबरोबर त्याचा डावा कान निघून आला.
तो कान माझ्या पाकिटात आहे.
हे नियमात लिहिलेलं नाही.

शेवटचा: खाली नाव, मजला, तारीख.
निनावी कागद काढून टाकला जाईल.
कोण काढणार ते लिहिलं नाही,
सगळ्यांना माहीत होतं.

मार्चमधली सकाळ, ब्रेड आणायला उतरले,
तर फळ्यावर चौकटीच्या वहीचं फाडलेलं पान.
नाव नाही, मजला नाही, तारीख नाही.
'चौथ्या मजल्यावर रोज रात्री कोणीतरी रडतं.
खालून वर ऐकू येतं.
दार वाजवू का?'

चौथ्या मजल्यावर दोन घरं.
एकाला कुलूप, वासिको पोलंडमध्ये ट्रक चालवतो.

'रोज' लिहिताना आमचं ते अक्षर चुकलं होतं,
घशाच्या तळातून काढावं लागणारं,
त्याच्या जागी साधं, जिभेवरचं.
शाळेत मुलं चुकतात तसं नव्हे,
घरी दुसरी भाषा बोलणारा चुकतो तसं.

नियम म्हणजे नियम. टाचणी उपटली.
पान हातात घेऊन उभी राहिले,
लिफ्ट आली, दार उघडून मिटली, गेली.
पर्समध्ये तांबडी पेन्सिल असतेच.
आधी अक्षर दुरुस्त केलं, सवय.
मग त्या अक्षराखाली टिंबं दिली,
आमच्या धंद्यात याचा अर्थ:
दुरुस्ती रद्द, होतं तसं राहू द्या.
आणि खाली, रेघ न ओढता,
'वाजव. सातनंतर. बेल बंद आहे.'

पान परत लावलं. सही केली नाही.

संध्याकाळी बद्रीने हटकलंच,
हा निनावी कागद अजून इथे कसा?
म्हटलं, तपासायला घेतलाय.